नलूताईंचं तिसरं वाक्य

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत पुढे बसायला सगळ्यांनाच अवघड वाटतं, मला माहीत आहे. पण नलूताईंना मागे उभं राहून ऐकणारी माणसं चालत नसत. त्या म्हणायच्या, ऐकायचं असेल तर समोर बसून ऐका, नसेल तर कामाला लागा. या. बसा.

सुधाकरदादांनी, म्हणजे नलूताईंच्या धाकट्या भावाने, मला सांगितलं की वैशाली, तू दोन शब्द बोल. मी म्हटलं, दादा, दुसरं कोणी बघा. मी जनावरांची डॉक्टर आहे. जुन्या पनवेलमध्ये माझा दवाखाना आहे. दिवसभर मी कुत्र्यामांजरांशी बोलते आणि त्यांच्या मालकांवर ओरडते. मला गोड बोलता येत नाही, आणि अशा सभेत तर गोडच बोलावं लागतं. दादा म्हणाले, तिच्याबद्दल गोड बोललीस तर कुणाचा विश्वास बसणार नाही. तू आपली तुझ्यासारखीच बोल.

तर बोलते. मधे थांबले तर सांभाळून घ्या.

हा फोटो बघा. हार घातलेला. खाली डाव्या कोपऱ्यात एक काळा कान दिसतोय. दिसतोय? नलूताईंचा एकटीचा फोटो घरात सापडलाच नाही. शेवटी हा घेतला आणि कुत्रा कापला. कान तेवढा राहिला.

तुमच्यापैकी बरेच जण टेलिफोन ऑफिसातले आहेत. तुम्हाला त्या नोकरीतल्या नलूताई ठाऊक. साडी कडक, बोलणं त्याहून कडक. निवृत्त झाल्या आणि सगळ्यांना वाटलं, आता भिशी करतील, नाटकं बघतील. त्यांनी काय केलं? तळोज्याच्या अलीकडे, गावाच्या कडेला, एक बंद पडलेली पोल्ट्रीची शेड भाड्याने घेतली आणि तिथे टाकून दिलेली कुत्री आणायला सुरुवात केली. वर गंजलेले पत्रे, बाजूला कोंबड्यांची जुनी जाळी, पुढे एक लोखंडी गेट. संध्याकाळी कंपन्यांच्या बाजूने तो आंबूस वास यायचा, डोळे चुरचुरायचे. नलूताई म्हणायच्या, बरंय, वासामुळे बघे येत नाहीत.

टाकून दिलेली कुत्री म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरची येतात. तीही होती. पण शेडमध्ये निम्म्याहून जास्त विकत घेतलेली होती. वाढदिवसाला आणलेली. नव्या फ्लॅटबरोबर आणलेली. लॅब्रेडॉर, पग, जर्मन शेफर्ड. हस्कीसुद्धा. मे महिन्यात पनवेलमध्ये माणूस वितळतो, आणि आपल्याकडे लोक बर्फातला कुत्रा पाळतात! मग तो दिवसभर बाथरूमच्या फरशीवर पडून राहतो आणि मालक मला विचारतात, डॉक्टर, हा इतका उदास का असतो हो? काय उत्तर देऊ मी?

मी आज तुम्हाला राजाची गोष्ट सांगणार आहे. नलूताईंना समजून घ्यायचं तर राजापासूनच सुरुवात करावी लागेल.

राजा लॅब्रेडॉर होता. पिवळट, धिप्पाड, स्वभावाने गरीब. नवीन पनवेलच्या एका चांगल्या घरातला. मुलगी शिकायला परदेशी गेली, आईबाबा मोठ्या मुलाकडे पुण्याला राहायला चालले, आणि तिथे सुनेला कुत्रं नको होतं. आता मी सुनेला नावं ठेवत नाही. तिला कुणी विचारून कुत्रा आणला नव्हता. पण राजाला घेऊन ते दोघं शेडवर आले, तेव्हा मी तिथे होते. लस टोचत होते. गाडीतून राजा उतरला आणि मी बघतच राहिले. त्याच्या कपाळावर कुंकू होतं. वर अक्षता चिकटलेल्या. निघताना त्या बाईंनी त्याचं औक्षण केलं होतं.

हसू नका. मलाही तेव्हा हसू आलं होतं. पण विचार करा. आपण औक्षण कुणाचं करतो? जो परत यावा असं वाटतं त्याचं. परीक्षेला निघालेल्याचं. सीमेवर निघालेल्याचं. त्या बाईंच्या हातून सवयीने झालं असेल. प्रेमाने झालं असेल. बरोबर पेढ्यांचा बॉक्सही आणला होता, शेडवर कामाला असणाऱ्या हिराबाईंना द्यायला.

आणि मग त्या गृहस्थांनी राजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "येतो हं राजा."

आपण सगळे असंच म्हणतो. घरातून निघताना कुणी "जातो" म्हणत नाही. म्हटलं तर घरातली म्हातारी माणसं ओरडतात, जातो काय म्हणतोस, येतो म्हण. लहानपणापासून जिभेवर बसलेलं आहे. त्या गृहस्थांच्या मनात काही पाप नव्हतं. ते म्हणाले येतो, आणि गेले.

राजाने ते रोज ऐकलेलं होतं. साहेब ऑफिसला निघताना म्हणायचे, येतो हं राजा, आणि संध्याकाळी यायचे. रोज यायचे. राजाचा त्या शब्दावर विश्वास होता. तो गेटजवळ बसला.

तो उठला नाही. हिराबाईंनी भात कालवून नेला, त्यात सुकट घातली, राजाने तोंड फिरवलं. नलूताईंनी हाताने भरवायचा प्रयत्न केला. मी सलाईन लावलं, रक्त तपासलं, सगळं करून बघितलं. गाडीचा आवाज आला की कान उभे व्हायचे. दुसरीकडे कुठे जीव नव्हता त्याच्यात, फक्त कानात होता. आम्ही त्या गृहस्थांना फोन केले. पहिल्यांदा उचलला, म्हणाले, रविवारी जमतंय का बघतो. नंतर उचलला नाही. राजा गेटशीच गेला, रस्त्याकडे तोंड करून.

त्या दिवसापासून नलूताईंनी गेटवर नियम केला. तुमच्यातल्या काहींनी त्या नियमावरून त्यांना शिव्याही दिल्या असतील. नियम असा, की कुत्रा सोडायला येणाऱ्याने त्याचा पट्टा स्वतःच्या हाताने काढायचा. त्याच्यासमोर खाली बसायचं. आणि म्हणायचं, "मी जातो." येतो नाही. जातो.

"त्याला वाट बघायला लावायची नाही," त्या म्हणायच्या. "टाकायचं तर टाका. पण फसवून टाकू नका."

मी गेटवर काय काय बघितलं आहे, सांगू? सुटाबुटातला माणूस मातीत बसून हुंदके देताना बघितला. नलूताईंच्या अंगावर धावून गेलेली माणसं बघितली. "तुम्ही कोण आम्हाला शिकवणार? कुत्रंच आहे ते!" नलूताई हाताची घडी घालून म्हणायच्या, "कुत्रंच आहे ना? मग सांगून टाका की. घाबरता कशाला?" एक बाई होत्या. खाली बसल्या, तोंड उघडलं, शब्दच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. मग उठल्या, कुत्र्याला परत गाडीत घातलं, दार आपटलं आणि आमच्याकडे न बघता निघून गेल्या. तो कुत्रा अजून माझ्याकडे लस घ्यायला येतो. बाई माझ्याशी बोलत नाहीत. न का बोलेनात! कुत्रा घरात आहे.

तेव्हा नियम चांगला होता. मला पटला होता. पण मी इथे नलूताईंची आरती ओवाळायला उभी नाही. त्या नियमाने काय केलं तेही सांगायला हवं, कारण ते नलूताईंनी स्वतः कधी लपवलं नाही.

गणपतीचे दिवस होते. गोवा हायवेवर गाड्यांची रीघ. कर्नाळ्याच्या चढाजवळ एक चहाची टपरी आहे. त्या टपरीवाल्याचा नलूताईंना फोन आला, ताई, एक कुत्रा उडालाय, जिवंत आहे, लवकर या. आम्ही माझ्या गाडीतून गेलो. जर्मन शेफर्ड होता. तरणाबांड. मागचा सगळा भाग चिरडलेला. कंटेनर गेला होता वरून.

टपरीवाला सांगत होता. गाडी थांबली, बायकामुलं चहा प्यायली, टपावर सामान बांधलेलं. कोकणात निघालेलं कुटुंब. कुत्र्याला खाली उतरवलं. याने विचारलं, कुत्रं पण गावाला का? तर गाडीतला माणूस म्हणाला, नाही हो, तळोज्याला शेडवर सोडणार होतो, पण तिथली बाई फार तमाशा करते म्हणे. माणसाला बोलायला लावते. कोण ऐकून घेणार सणाच्या तोंडावर! मग सगळे गाडीत बसले आणि कुत्रा खाली राहिला. तो गाडीच्या मागे पळाला. कितीतरी लांब पळाला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

नलूताई उभ्या होत्या तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसल्या. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी पिशवीतून इंजेक्शन काढलं. वाचवायचं नव्हतं काही. फक्त सोडवायचं होतं. आणि तो अशा अवस्थेतसुद्धा मान वळवून रस्त्याकडेच बघत होता. गाडी गेली त्या बाजूला.

नलूताईंनी त्याच्या कानावर हात ठेवला. तीन वाक्यं म्हणाल्या. अगदी हळू, जसं काही आजारी मुलाला सांगतात तसं.

"ते गेले. येणार नाहीत. आता मी आहे."

त्याने मान खाली ठेवली. मग मी सुई टोचली.

परत येताना मी गाडी चालवत होते आणि माझं डोकं फिरलेलं होतं. मी बोलले. माझ्या तोंडाला काही लगाम नाही, तुम्हाला कळलंच असेल एव्हाना. मी म्हटलं, नलूताई, तुमच्या त्या जातो-येतोच्या हट्टापायी हा मेला. सुखासुखी शेडवर आला असता. तुम्हाला माणसांना शिक्षा द्यायची असते, आणि भोगतं कुत्रं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मांडीवर साडी रक्ताने भिजलेली. पळस्पे फाटा आला, सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा म्हणाल्या, "खरं आहे तुझं."

बस, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून नियम बंद. टेलिफोन ऑफिसात ज्यांच्यासमोर साहेब लोक चळचळा कापायचे, त्या नलूताई गेटवर माणसांशी चक्क मऊ बोलायला लागल्या. "ठेवा. काही हरकत नाही. जा तुम्ही." मला ते बघवायचं नाही. एखाद्या नालायकाला त्या पाणी विचारायच्या, आणि मी आत दात ओठ खात बसायची. माणूस म्हणायचा, येतो हं टॉमी, येतो हं शेरू. नलूताई ऐकून घ्यायच्या. गाडी वळली की गेट लावायच्या. मग त्या कुत्र्यासमोर मातीत बसकण मारायच्या, स्वतःच्या हाताने त्याचा पट्टा काढायच्या, कानावर हात ठेवायच्या.

ते गेले. येणार नाहीत. आता मी आहे.

प्रत्येकाला. एकालाही वगळलं नाही. गुडघे दुखायचे, खाली बसलं की उठवायला हिराबाई लागायच्या. तरी बसायच्या. तुम्ही विचाराल, कुत्र्याला कळतं का मराठी? मला नाही माहीत. मी डॉक्टर आहे, मी नाही म्हणायला हवं. पण त्यानंतर राजासारखा गेटशी मेलेला कुत्रा मी शेडमध्ये बघितला नाही.

आणि ज्याला तिसरं वाक्य म्हणायचं, त्याला ते निभवावं लागतं. नलूताईंनी निभवलं. त्यासाठी त्यांनी पुन्हा कधी मुक्कामाला घर सोडलं नाही. भाचीच्या लग्नातही अक्षता टाकून त्याच दिवशी परतल्या. सुधाकरदादा, तुम्ही तेव्हा रागावला होतात. आज सांगते, त्यांनाही वाईट वाटलं होतं. मला म्हणाल्या होत्या, पोरीला हळद लावायची राहिली गं.

कुत्रा न्यायला येणाऱ्यांशी मात्र त्या शेवटपर्यंत कडक राहिल्या. लोक यायचे, मोठ्या मनाने. आम्हाला रेस्क्यू केलेला कुत्रा पाळायचा आहे. फार छान, नलूताई म्हणायच्या, बसा. चहा द्यायच्या. जात विचारायच्या नाहीत, फ्लॅट केवढा ते विचारायच्या नाहीत. एकच प्रश्न. "गणपतीत गावाला जाता ना? तेव्हा हा कुठे असेल?"

इतका साधा प्रश्न. बहुतेक वेळा नवरा बायकोकडे बघायचा, बायको छताकडे. "बघू ना ताई, काहीतरी सोय करू." मग चहा संपवून निघा, नलूताई म्हणायच्या, सोय झाली की या. ज्यांनी सांगितलं की आम्ही ह्याला गावाला नेऊ, किंवा आमच्यातला एक जण मागे राहील, त्यांना कुत्रा मिळाला. अशा घरांतले काही चेहरे मला इथे दिसतायत. तुम्ही आलात, बरं वाटलं.

आता बायबद्दल सांगते. आणि मग थांबते.

बाय ही कुत्री. गोल्डन रिट्रीव्हर म्हणतात त्या जातीची. पण ती शेडवर आली तेव्हा तुम्ही ओळखली नसती. तळोज्याच्या एका कंपनीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराला ती नाल्याच्या कडेला दिसली. गोणपाटात गुंडाळून त्याने रिक्षातून आणली. मी तिला टेबलावर घेतलं. अंगावर केस नाहीत. नखं वाढून तळव्यात वळलेली, म्हणजे ती कधी चाललीच नव्हती. पुढचे दात झिजून गेलेले, म्हणजे पिंजऱ्याचे गज चावत आयुष्य गेलं. आणि पोट. मी काय सांगू! ओळीने सड लोंबत होते. एका मागून एक वेत, एका मागून एक वेत, मधे श्वास घ्यायला जागा नाही. शेवटी गर्भाशयात पू झाला, पिल्लं होणार नाहीत असं कळलं, आणि नाल्यावर टाकून दिली. मी पोट उघडून सगळं काढून टाकलं. ती जगली. का जगली, मला कळत नाही.

तिची पिल्लं कुठे असतील? तुमच्या माझ्या शेजारी असतील. एखाद्या खोलीत पिंजरे लावून हा धंदा चालतो, आणि आपल्या मोबाईलवर फोटो येतात. गळ्यात रिबन, टोपलीत पिल्लू. आपण म्हणतो, अय्या, किती गोड. घरात सून आणायची तर आपण तिच्या आजोळापर्यंत चौकशी करतो. पिल्लू आणताना त्याची आई दाखवा असं एकाच्या तोंडून निघत नाही! विचारा ना. आई कुठे आहे? आईला बघू. तो माणूस दाखवणार नाही. दाखवली तर तुम्ही पिल्लू घेणारच नाही. आणि तुम्ही घेतलं नाहीत, तर पुढची बाय तयार होणार नाही. एवढं सोपं आहे हे. मला राग येतो तो सोपं आहे म्हणूनच येतो.

तर ही बाय. तिला नाव हिराबाईंनी दिलं. आणली तेव्हा हिराबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "बाय माझी, काय हाल केलं गो तुझं." तेच नाव राहिलं. बायला कुणी कधी येतो म्हटलं नव्हतं. घरच नव्हतं, तर निरोप कोण घेणार? इतर कुत्री गाडी आली की गेटकडे धावायची. बाय जागची हलायची नाही. तिला कुणाची वाट बघायचं माहीतच नव्हतं. नलूताई पहिल्या दिवशी तिच्यासमोर बसल्या आणि सवयीने म्हणायला गेल्या, ते गेले... कोण गेले? कुणीच नव्हतं. मग नुसतं तिसरंच म्हणाल्या. "आता मी आहे."

रोज संध्याकाळी घरी निघताना नलूताई गेटवरून सगळ्यांना सांगायच्या, "येते रे." आणि सकाळी यायच्या. पाऊस असो, ताप असो. हळूहळू बायला त्या शब्दाचा अर्थ कळला. म्हातारपणी कळला. सकाळच्या वेळी ती लंगडत गेटशी येऊन बसायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाची तरी वाट बघायला शिकली. नलूताईंना इतका आनंद झाला होता! मला फोन करून सांगितलं होतं, "वैशाली, बाय गेटवर आली होती."

नलूताईंचं पोटाचं दुखणं तुम्हाला शेवटी शेवटी कळलं. मला आधी माहीत होतं. त्यांनाही रिपोर्ट नीट माहीत होते. ज्या दिवशी हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं होतं, त्या म्हणाल्या, आधी शेडवर ने. मी नेलं. गाडीतून उतरवत नव्हतं, तरी उतरल्या. गेटला धरून उभ्या राहिल्या. सगळी जमली. बाय पुढे.

मी मागे उभी होते. मला वाटलं, आता त्या बसतील. आता म्हणतील. जिने परक्या माणसांच्या वतीने इतकी वर्षं खरं सांगितलं, ती स्वतःचं खरं सांगेल. नलूताईंनी गजांतून हात घातला, बायच्या कानावर ठेवला. ओठ हलले. शब्द निघेना. मला ती गाडीत कुत्रा परत घालणारी बाई आठवली.

मग नलूताई म्हणाल्या, "येते गं."

आणि गाडीत येऊन बसल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. हॉस्पिटलच्या दारात त्या एवढंच म्हणाल्या, "राजाच्या साहेबांवर मी उगाच इतकी चिडले होते. दुसरा शब्द तोंडातून निघतच नाही गं."

ऐकलंत? जन्मभर माणसांवर रागावलेल्या बाईने जाताना एका माणसाला माफ केलं. मला ते जमलेलं नाही अजून. पण त्यांनी केलं, हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

माफी ठीक आहे हो. पण कुत्र्याला त्याचा काय उपयोग? शब्द लबाडीने बोलला काय, मायेने बोलला काय, कुत्रं वाटच बघतं.

नलूताई हॉस्पिटलमधून बाहेर आल्या त्या थेट स्मशानात. हिराबाई म्हणत होत्या, एकदा शेडवरून न्या, कुत्र्यांना वास घेऊ द्या, त्यांना समजेल. ते झालं नाही. अशा वेळी सगळंच हाताबाहेर असतं, कुणाचा दोष नाही. पण त्यामुळे शेडमध्ये अजून कुणालाच माहीत नाही की नलूताई गेल्या. बाय गेटवर बसून आहे. काल हिराबाई मला म्हणाल्या, "डाक्टरीनबाय, ती भाताला तोंड लावत नाय. माज्याकडं बघत पन नाय. आमी सांगून तिला समजत नाय. तुमी येऊन सांगा."

हिराबाई, मी येणार आहे. आज, इथून उठले की.

जागेचे मालकही इथे बसले आहेत. चांगले गृहस्थ आहेत. त्यांना तिथे बांधकाम सुरू करायचं आहे, तरी दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही. पण दिवाळीनंतर शेड नसेल. आणि जी उरली आहेत ती कुणी मागून नेईल अशी नाहीत. म्हातारी आहेत. एकाला दिसत नाही. एकाला पाय कमी आहे. एकजण माणसाने काठी उचलली की लघवी करतो. फोटो काढून मोबाईलवर टाकावीत अशी ती नाहीत. टोपलीत मावणार नाहीत, रिबन शोभणार नाही. फार वर्षं जगणारही नाहीत, हे मी डॉक्टर म्हणून सांगते. तुम्हाला त्यांना पुरावं लागेल. घरी न्यायचं ते त्यांनी उपाशी आणि वाट बघत मरू नये एवढ्याचसाठी. याहून मोठं आमिष माझ्याकडे नाही.

मी संध्याकाळी गेटवर बसणार आहे. मातीत. एकेकाच्या कानावर हात ठेवून सांगणार आहे. नलूताई गेल्या. येणार नाहीत. हे मी आत्ता तुमच्यासमोर म्हणून बघितलं, कारण घरी आरशासमोर म्हणताना मला दोनदा रडू आलं.

पहिली दोन वाक्यं मी सगळ्यांना सांगेन. प्रश्न तिसऱ्या वाक्याचा आहे.

बायला मी ते म्हणणार आहे. तिला मी घरी नेतेय. नवऱ्याला सांगितलंय, विचारलं नाही. पण माझ्या घरात आधीच तिघं आहेत आणि दवाखान्याच्या वर आमच्या दोन खोल्या. बाकीच्यांना मी काय सांगू? नलूताई गेल्या, येणार नाहीत, आणि आता... आता कोण आहे? खोटं मला सांगता येणार नाही. ते वाक्य निभवायचं असतं.

आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू. फोटोकडे बघू नका, नलूताईंना आवडणार नाही. त्या कोपऱ्यातल्या कानाकडे बघा. आणि मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघा, तुमच्या तोंडी बसतंय का. आता मी आहे. घाई करू नका. गणपतीचाही विचार करा.

मग मी दाराशी उभी असेन. बाहेर पडताना तुम्ही प्रत्येकजण माझ्यासमोरून जाल, हात जोडाल, आणि सवयीने म्हणाल, येतो हं डॉक्टर.

ज्यांना शेडवर यायचं आहे, त्यांनीच म्हणा.